ब्रिटनमध्ये दहा वर्षं राहिलात, हे दाखवणार कसं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने कायम वास्तव्याचे, म्हणजे पीआरचे, नियम कडक करण्याचा प्रस्ताव मांडला आणि नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच कल्लोळ उडाला. पाचाची दहा वर्षं झाली, विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं पाण्यात गेली, आता कोणालाच पीआर मिळणार नाही, असं बरंच काही फिरलं. ज्यांची मुलं लंडन, मँचेस्टर, ग्लासगोला शिकायला आहेत त्यांची झोप उडणं साहजिक आहे. घरावर कर्ज काढून पाठवलेली मुलं आहेत ही.

या गोंधळात एक गोष्ट बाजूला पडते. नियम पाच वर्षांचा असो की दहाचा, तिथे सलग राहिल्याचं दाखवायची जबाबदारी अर्जदाराचीच असते. आणि विद्यार्थी असतानाच्या वर्षांचा पुरावा सगळ्यात कमी तयार होतो व सगळ्यात आधी हरवतो. नोकरी लागल्यावर पगारपत्रक, कर, घरभाडं असं सगळं आपोआप नावावर चढत जातं. शिकत असताना तसं नसतं. तो पुरावा त्या त्या वर्षीच जमवावा लागतो.

आयएलआर म्हणजे काय?

आपण ज्याला सरसकट पीआर म्हणतो त्याचं ब्रिटनमधलं नाव इनडेफिनिट लीव्ह टु रिमेन, म्हणजे आयएलआर. ते नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो, पण व्हिसाची मुदत, नोकरी देणाऱ्या कंपनीची स्पॉन्सरशिप, दर काही वर्षांनी नवा अर्ज, हे सगळं सुटतं. आयएलआर मिळाल्यावर सलग दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिलं तर ते जातं, एवढं ध्यानात ठेवायचं.

तिथे पोचायचे रस्ते अनेक आहेत. त्यातला एक असा की कोणत्याही एका व्हिसावर अडून न राहता, ब्रिटनमध्ये दहा वर्षं कायदेशीर आणि सलग राहिल्याचं दाखवायचं. याला लाँग रेसिडेन्स म्हणतात. स्टुडंट व्हिसावरची वर्षं मोजली जातात ती इथे. पर्यटक म्हणून किंवा इंग्रजी शिकायच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर राहिलेला काळ यात धरत नाहीत.

बारावीनंतर सीईटीच्या प्रवेशासाठी अधिवास दाखला काढताना सेतू केंद्रात काय होतं ते आठवा. पोरगा नागपूरच्या महाल भागात जन्मला, तिथेच वाढला, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. तरी शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, विजेचं बिल लागतंच. गल्लीची साक्ष चालत नाही. ब्रिटनचं गृहखातं तेच करतं. फरक असा की तिथे तुम्ही राहिलेल्या वर्षांसोबत तुम्ही बाहेर असलेला एकेक दिवसही मोजला जातो.

हे गणित नेमकं कोणाच्या कामाचं?

सगळ्यांच्या नाही, आणि हे आधी समजून घेतलं तर अर्धी काळजी मिटते.

नागपुरातून जाणाऱ्यांत एक वर्षाच्या मास्टर्सला जाणारे पुष्कळ असतात. त्यानंतर शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम करू देणारा दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना तो दीड वर्षाचाच मिळणार आहे, पीएचडीवाल्यांना मात्र तीन वर्षं. मग स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी. नोकरीच्या मार्गाने आजवर पाच वर्षांत आयएलआरचा अर्ज करता येत आला आहे, पण त्या पाचात शिक्षणाची वर्षं धरत नाहीत. एक, दोन आणि पाच मिळून आठ. म्हणजे अशा मुलाला नोकरीचाच रस्ता जवळचा.

बारावीनंतर थेट बॅचलर्सला गेलेल्या मुलीचं मात्र वेगळं आहे. तीन वर्षं पदवी, एक वर्ष मास्टर्स, दोन वर्षं ग्रॅज्युएट व्हिसा, अशी सहा वर्षं आधीच झालेली असतात. नोकरीची चार वर्षं झाली की दहा भरतात. नोकरीच्या मार्गाने तिला अकरा लागली असती. पीएचडी करणाऱ्यांना तर हा मार्ग आणखी सोयीचा, कारण त्यांची बहुतेक वर्षं विद्यापीठातच जातात. आणि ज्यांच्या नोकरीत मध्ये खंड पडला, कंपनी बुडाली, व्हिसाचा प्रकार बदलावा लागला, त्यांच्यासाठी तर हाच आधार असतो.

सलग म्हणजे घरी यायचंच नाही का?

यायचं. पण तिकीट काढण्याआधी दिवस मोजायचे.

११ एप्रिल २०२४ पासूनचा नियम असा की कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त ब्रिटनबाहेर राहायचं नाही. यातला ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा. जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब इथे नाही, शैक्षणिक वर्षाचाही नाही. कोणतीही तारीख घ्या, तिथून मागे बारा महिने मोजा, आत १८० पेक्षा जास्त दिवस यायला नकोत. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत, मधले पूर्ण दिवस तेवढे धरतात.

समजा, मनीषनगरची एक मुलगी १० जून २०२५ ला लंडनहून निघाली आणि ८ सप्टेंबरला परत पोचली. मधले दिवस ८९. पोळा झाला, मारबत पाहिली, परत गेली. पुढे नाताळच्या सुट्टीत १४ डिसेंबरला निघाली, ११ जानेवारीला परतली: २७ दिवस. मग घरात मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं. प्रबंधाचं काम लॅपटॉपवर घरूनही होण्यासारखं होतं, म्हणून ती २ एप्रिल २०२६ ला आली आणि २० जूनला गेली. हे ७८ दिवस.

आता कॅलेंडरप्रमाणे पाहिलं तर २०२५ मध्ये १०६ दिवस आणि २०२६ मध्ये ८८. दोन्ही वर्षं सुरक्षित वाटतात. पण ११ जून २०२५ ते १० जून २०२६ हे बारा महिने घेतले तर ८९, २७ आणि ६९ मिळून १८५ होतात. पाच दिवसांनी मर्यादा ओलांडली. सलगता तुटली, आणि दहा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तेच तिकीट २ ऐवजी ९ एप्रिलचं असतं तर आकडा १७८ वर थांबला असता. बहिणीच्या लग्नाला ती तरीही आलीच असती, फक्त एक आठवडा उशिरा.

घरून आग्रह होतो तेव्हा हे कोणाच्या डोक्यात नसतं. आई म्हणते, आलीच आहेस तर अजून पंधरा दिवस राहा. त्या आग्रहात काही चूक नाही. पण वहीत किंवा मोबाइलवर एक साधा तक्ता असावा: लंडन सोडल्याची तारीख, लंडनला पोचल्याची तारीख, मधले दिवस, कारण. तो मुलांनी ठेवावा आणि एक प्रत घरी असावी. तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा घरूनच जातात, त्यामुळे निर्णयही दोघांनी मिळून होतो.

जे २०२४ च्या आधी गेले त्यांचं काय?

त्यांना दोन मापं लागतात. ११ एप्रिल २०२४ च्या आधीच्या काळासाठी जुना हिशेब: सगळ्या गैरहजेऱ्या मिळून ५४८ दिवसांपेक्षा जास्त नकोत आणि त्या तारखेआधी सुरू झालेली कोणतीही एक गैरहजेरी १८४ दिवसांपेक्षा लांब नको. त्या तारखेनंतर वर सांगितलेलं १८० दिवसांचं फिरतं माप. सप्टेंबर २०१९ मध्ये गेलेल्या मुलाची दहा वर्षं सप्टेंबर २०२९ मध्ये भरतील. त्याला पहिली साडेचार वर्षं एका मापाने आणि पुढची दुसऱ्या मापाने तपासावी लागतील.

या मुलांच्या वाट्याला कोविडही आला. मार्च २०२० मध्ये भारतात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली आणि अनेक जण नागपुरातच अडकले. वर्ग ऑनलाइन झाले, परीक्षाही झाल्या, वर्ष वाया गेलं नाही. पण वर्ग ऑनलाइन केले म्हणून ब्रिटनमध्ये होतो असं धरलं जात नाही. ते दिवस गैरहजेरीचेच. मात्र महामारीमुळे प्रवास अडला असेल तर तो काळ माफ करण्याची तरतूद नियमात आहे. त्यासाठी त्या वेळचे कागद लागतात: रद्द झालेल्या विमानाचा ईमेल, विद्यापीठाने ऑनलाइन वर्गांबाबत पाठवलेलं पत्र. ते अजून इनबॉक्समध्ये असेल तर आजच डाउनलोड करा.

पासपोर्टवर शिक्के आहेत, मग काळजी कसली?

अनेकांना पहिला धक्का इथेच बसतो. ब्रिटन सोडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. येतानाही प्रत्येक वेळी मारतीलच असं नाही. त्यामुळे ब्रिटनच्या शिक्क्यांवरून प्रवासाचा इतिहास पूर्ण उभा राहत नाही.

आपल्या मदतीला येतात ते भारताचे शिक्के. आपल्याकडे इमिग्रेशनवर येताना आणि जाताना दोन्ही वेळा शिक्का मारण्याची पद्धत आहे. नागपूरचा मुलगा दिल्ली किंवा मुंबईमार्गे आला तर शिक्का तिथला असतो, पुढचं नागपूरचं विमान देशांतर्गत. दोहामार्गे थेट नागपूरला उतरला तर शिक्का नागपूर विमानतळाचा. फक्त एक बारकावा सांभाळायचा. लंडनहून १० जूनच्या रात्री निघालेल्या विमानाचा भारतातला शिक्का ११ जूनचा असतो. तक्ता भरताना तारीख लंडनची धरायची, शिक्क्याची नाही, नाहीतर दर प्रवासाला एकेक दिवस इकडेतिकडे होतो आणि अर्जातले आकडे सरकारी नोंदीशी जुळत नाहीत.

म्हणूनच जुना पासपोर्ट जिवापाड जपायचा. मुदत संपून नवा घेतला की जुना रद्द करून परत देतात. घर बदलताना, दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत जाता कामा नये. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट बहुतेकदा कमी मुदतीचा असतो, त्यामुळे बारावीनंतर लगेच गेलेल्यांच्या दहा वर्षांत दोन पासपोर्ट सहज येतात. दोन्ही लागतात, आणि प्रत्येक पान स्कॅन केलेलं लागतं, कोरी पानंसुद्धा.

बोर्डिंग पासचंही तसंच. पुष्कळसे पास थर्मल कागदावर छापलेले असतात, दुकानातल्या पावतीसारखे. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीतल्या कपाटात असा कागद ठेवला की अक्षरं आधी फिकी होतात, मग जातात. फाइल उघडली की पिवळट कोरी चिठ्ठी हाती येते. विमानातून उतरलं की टॅक्सीत बसल्या बसल्या मोबाइलवर फोटो काढायचा, इतकं सोपं काम आहे.

बिल नावावरच नसतं, मग पत्ता कशाने दाखवायचा?

विद्यार्थी चार-पाच जणांत घर घेतात. वीज एकाच्या नावावर, इंटरनेट दुसऱ्याच्या, भाडेकरार तिसऱ्याच्या. त्यात कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर, पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला माफ असतो. ब्रिटनमध्ये पत्त्याचा पुरावा म्हणून सगळीकडे चालणारा हा कागद नेमका विद्यार्थ्याकडे नसतो.

पण माफी मिळते म्हणजे माफीचाही कागद असतो. विद्यापीठ पूर्णवेळ विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र देतं आणि स्थानिक कौन्सिल माफीचं पत्र पाठवतं. दोन्ही दरवर्षी मागून घ्यावीत. विद्यापीठाकडून अभ्यासक्रम कधी सुरू झाला, कधी संपला, हजेरी कशी होती याचं पत्र मिळतं. या वर्षांसाठी माझ्या मते याहून वजनदार कागद नाही. सोबत वसतिगृहाचा करार, बँकेची स्टेटमेंटं, फॅमिली डॉक्टरकडे नोंदणी केल्याचं पत्र, अर्धवेळ नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि वर्षअखेरचं पी-६० हे कराचं पत्रक.

आणखी एक कागद फार थोड्यांना सुचतो. भारत राष्ट्रकुलात असल्याने ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीयाला तिथल्या मतदार यादीत नाव नोंदवता येतं आणि मतदानही करता येतं. त्या यादीत कोणत्या वर्षी कोणत्या पत्त्यावर नाव होतं याची सरकारी नोंद राहते. काही खर्च नाही, आणि पुरावा स्वच्छ.

बँक स्टेटमेंट ठेवायचं ते रोजच्या व्यवहारांसाठी. टेस्कोतला किराणा, बसचं भाडं, कँटीनमधली कॉफी अशा कार्डाच्या नोंदी महिन्यामागून महिने दिसल्या की माणूस तिथे राहत होता हे न सांगता कळतं. खातं बंद करायच्या आधी सगळी स्टेटमेंटं उतरवून घ्या. विद्यापीठाच्या ईमेलचंही तेच. पदवीनंतर ते खातं बंद होतं आणि त्यावर आलेली तिकिटं, करार, पत्रं सगळं त्याच्यासोबत जातं. पहिल्या दिवसापासून अशा गोष्टी स्वतःच्या ईमेलवर मागवाव्यात.

मराठी घरांत नावाचा घोळ हमखास असतो. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, विद्यापीठाच्या पत्रात ते गाळलेलं, बँकेत आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. लग्नानंतर आडनाव बदललं तर आणखी एक भर. दहा वर्षांनी हे एकाच व्यक्तीचे कागद आहेत हे पटवत बसण्यापेक्षा, चूक दिसली त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेणं बरं.

आई-वडील आजारी पडले तर?

तर यायचंच. याबद्दल मनात किंतु ठेवू नका. अर्जदाराचा किंवा जवळच्या नातलगाचा जिवावर बेतलेला आजार, नातलगाचा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, अशा कारणांनी वाढलेले दिवस सोडून देण्याची मुभा नियमात आहे. ती आपोआप मिळत नाही, अर्ज तपासणारा अधिकारी कागद पाहून ठरवतो. म्हणून दवाखान्याची डिस्चार्ज समरी, डॉक्टरांचं तारखांसह पत्र, मृत्यूचा दाखला, हे इंग्रजीत किंवा प्रमाणित भाषांतरासह ठेवावं. त्या दिवसांत कागद गोळा करायचं कोणाला सुचत नाही, हे खरं आहे. घरातल्या दुसऱ्या कोणी तरी ते काम अंगावर घ्यावं.

लग्न, बारसं, वास्तुशांती यांना ही मुभा नाही.

दोन व्हिसांच्या मधली फट

गैरहजेरी कमी असूनही अर्ज अडकतो तो इथे. राहणं सलग असून भागत नाही, प्रत्येक दिवशी वैध परवानगीही हवी. ब्रिटनमध्ये असताना जुन्या व्हिसाची मुदत संपायच्या आत पुढचा अर्ज केला, तर निकाल लागेपर्यंत जुनी परवानगी कायद्याने चालू राहते. मुदत संपल्यावर अर्ज केला तर फार तर चौदा दिवसांपर्यंतची चूक, तीही ठोस कारण असेल तर, पोटात घेतली जाऊ शकते. पदवी संपवून मुलगा घरी आला, वर्षभर नागपुरात राहिला आणि मग मास्टर्सच्या नव्या व्हिसावर गेला, तर आधीची तीन वर्षं या मोजणीतून गेली. असा ब्रेक घेण्यात गैर काही नाही, पण त्याची किंमत आधी माहीत असावी.

सरकारकडे सगळी नोंद असतेच की

बरीचशी असते. एप्रिल २०१५ पासून ब्रिटन सोडणाऱ्या प्रवाशांची माहिती विमान कंपन्यांमार्फत गृहखात्याकडे जाते. ती आपल्यालाही मागता येते. सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट नावाचा अर्ज करायचा. म्हणजे तुमच्याकडे माझी जी माहिती आहे ती मला द्या, अशी मागणी. तिला शुल्क नाही. अर्जाच्या पाच-सहा महिने आधी ती मागवून आपल्या तक्त्याशी ताडून पाहावी. एखादी फेरी सुटलेली किंवा तारीख चुकलेली दिसली तर तिकीट आणि शिक्का दाखवून खुलासा देता येतो. ज्याच्याकडे स्वतःचा कागदच नाही त्याला सरकारी नोंद मुकाट्याने मानावी लागते.

नियमच बदलणार असतील तर हा खटाटोप कशाला?

नोव्हेंबर २०२५ च्या प्रस्तावात आयएलआरसाठीची मूळ मुदत बहुतेकांसाठी दहा वर्षं करण्याचं आणि कमाई, इंग्रजी, कर यांनुसार ती कमी-जास्त करण्याचं सुचवलं होतं. नियम मधल्या काळात बदलू शकतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचं ताजं पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. पण मुदत जितकी लांबेल तितके जास्त वर्षांचे कागद लागतील. त्यामुळे आज फाइल ठेवणाऱ्याचं यात नुकसान नाही.

बाकी अटी थोडक्यात. लाइफ इन द यूके ही २४ प्रश्नांची परीक्षा, ४५ मिनिटं, किमान १८ बरोबर. इंग्रजीची अट तिथल्या पदवीवर भागते. दहा वर्षं भरण्याच्या २८ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी केला तर नाकारला जाऊ शकतो.

सल्ला कोणाचा घ्यायचा, हे शेवटचं. धरमपेठ-सीताबर्डीतले कन्सल्टंट प्रवेश आणि स्टुडंट व्हिसाचं काम करतात. दहा वर्षांनंतरचा अर्ज हा त्यांचा विषय नसतो. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला द्यायला वकील तरी असावं लागतं किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी तरी लागते. नोंदणीकृत सल्लागारांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर नावानुसार शोधता येते. शिकत असेपर्यंत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षातही व्हिसाबद्दल विचारता येतं, आणि त्याचे पैसे फीमध्ये आधीच भरलेले असतात.